सोमादादाचा मिठाचा खड्डा

सोमादादा होडीतून वाकला नि उजव्या हाताची बोटं उलटी करून त्यानं तराफ्याच्या लोखंडाला टेकवली. रोजचंच होतं ते. तळहात कधीच लावायचा नाय. मी एकदा विचारलं होतं, उलटा हात का? तर म्हणाला, "करंट लागला की मूठ आवळते. तळहात लावलास तर तू लोखंड पकडशील नि मंग ते तुला सोडनार नाय. उलटा लावलास तर हात आपल्याकडं येतो."

त्या दिवशी हात आला. असा आला की त्याच्याच तोंडावर आपटला. होडी डुलली, मी वल्हं टाकून त्याचा शर्ट धरला.

"चावला," सोमादादा म्हणाला. ओठ फुटला होता, पण आवाज एकदम थंड. "मागं घे नाम्या. कशाला हात लावू नको. पान्यात पन घालू नको."

"आतापर्यंत कधी चावला नव्हता."

"म्हनूनच म्हनतो, मागं घे."

मी नामा. नववीत शाळा सोडली. मास्तरांना काय विचारलं की ते म्हणायचे पुस्तकात बघ. पुस्तकात करंट होता, पण तराफा नव्हता. मला एका जागी बसवत नाय, म्हणून होडी घेतली, मासे धरायचो, नि रोज सकाळी सोमादादाला तराफ्यावर सोडायचो. होडी माझी, तराफा त्याचा. भाडंबिडं काय नव्हतं. तो मला सांगायचा नि मी विचारायचो, एवढाच धंदा.

आमचं गाव किन्हवलीवरून आत, धरणाच्या काठाला. धरण आमच्या दारात, पण पाणी मुंबईचं. आमच्या नळाला येतं ते त्या एका तराफ्यावरून. पावसाळ्यात धरण पार चिंचेपर्यंत चढतं नि मे महिन्यात इतकं खाली जातं की काठावर बसवलेला पंप नुसता आ वासून बसेल. म्हणून पंप तरंगता. निळे प्लास्टिकचे पिंप, त्यावर लोखंडाचा सांगाडा, सांगाड्यावर मोटर नि पंप, वर पत्रा. पाणी खाली गेलं की तराफा पण खाली जातो.

लोकांना वाटतं, तराफ्यावर पंप ठेवला की झालं. अरे, ठेवायला काय लागतं? त्याला लाइट द्यायची कशी ते सांगा. काठ दूर, पाणी रोज हलतंय, वारा सुटला की तराफा दावणीच्या बैलासारखा फिरतो. केबल ताणून ठेवली की तुटते. ढिली सोडली की बुडते नि खालच्या दगडांवर घासते. सोमादादानं तेलाचे रिकामे कॅन बांधून केबल पाण्यावर तरंगती ठेवली होती. पाणी उतरेल तशी रोज थोडी सोडायचा, चढेल तशी ओढून घ्यायचा. आणि त्याचा एक नियम होता, पाण्यावर सांधा नाय. जोड द्यायचा तर काठावर, कोरड्यात. एकदा केबल कमी पडली तेव्हा पंचायतीनं सांगितलं, मधे तुकडा जोड. हा बसला अडून. शेवटी शहापूरवरून अख्खी नवीन केबल आली नि आमी पोरांनी ती खांद्यावर अजगरासारखी वाहून आणली.

सोमादादा आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. सातवीनंतर शहापूरला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात राहिला. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता वाढला म्हणा. मंग कसाऱ्याला रेल्वेच्या एका ठेकेदाराकडं. घाटात पोल उभे करायचे, पावसात, धुक्यात. तिथं त्याच्या बरोबरचा एक माणूस लायनीवर करंट लागून गेला. त्याबद्दल सोमादादा कधी बोलला नाय, मी पण विचारलं नाय, आणि मी न विचारलेली ती एकच गोष्ट असेल. शहाण्णव साली आमच्या गावात पाण्याची स्कीम आली. ठेकेदारानं तराफा टाकला, फोटो काढला नि गेला. तेव्हा सोमादादा घरी परत आला होता. म्हणाला, मी बघतो. तेव्हापासून बघत होता.

तर दोन हजार तीनच्या मे महिन्यातली ही गोष्ट, त्या दिवशी तराफा चावला.

काठावर आलो. सोमादादानं पेटीतला मेन स्विच पाडला, पंपाचे तिन्ही फ्यूज उपटले नि शर्टाच्या खिशात टाकले. मंग होल्डरला लावलेला दोनशे वॅटचा बल्ब काढला. बल्बाची एक वायर लाइटीला, दुसरी अर्थिंगच्या तारेला. बल्ब लागला, पण कसा? विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. नुसती तार लाल.

"असा का?" मी विचारलं.

"करंटला जमिनीत जायला वाट नाय."

"कशाला पायजे त्याला जमिनीत वाट?"

"तुझ्या घरात मोरी कशाला पायजे?" सोमादादा बल्ब काढत म्हणाला. "जुनी मोटर हाय. थोडा करंट गळतोच, दमट हवेत जास्त. तो अर्थिंगच्या तारेनं काठावर येतो नि जमिनीत जातो. मोरी तुंबली की पानी घरात शिरतं. तसा हा आता सांगाड्यात शिरलाय. खाली पिंप प्लास्टिकचे, तिथून पन जायला जागा नाय. मंग तो बसून राहतो, वाट बघत. एक हात लोखंडाला नि एक पाय पान्यात असा कोन येतो म्हनून."

मी म्हणालो, "मंग ते पाणकावळे पत्र्यावर बसतात ते?"

"ते उडत येतात नि उडत जातात. तू उडत जातोस का?"

आता ही मोरी तुंबली कशी ते सांगायला पायजे, कारण सगळं गाव त्यात हाय.

काठावर पेटीच्या मागं एक खड्डा होता. बाकी सगळा कातळ, तेवढ्या एकाच जागी माती लागली होती. खड्ड्यात लोखंडाचा पाईप उभा पुरलेला, भोवती कोळसा नि मीठ भरलेलं, वर मातीच्या बाहेर पाईपला नरसाळं. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग मरतं, म्हणून रोज त्या नरसाळ्यातून पाणी घालायचं. सोमादादा तराफ्यावर जायच्या आधी हे काम करायचा. चप्पल बाजूला काढायचा, उकिडवा बसायचा नि कळशीतून बारीक धार सोडायचा. भसकन ओतलं तर वरून वाहून जातं, म्हणून हळू. धार संपेपर्यंत बोलायचा नाय. कुणी हाक मारली तरी मान वर नाय.

बाया तिकडून धुणं घेऊन जायच्या. त्या बघायच्या.

एक दिवस नरसाळ्यापाशी झेंडूचं फूल. मंग हळदकुंकू. मंग कुणीतरी पाईपला शेंदूर फासला. मी सोमादादाला म्हणालो, हे काय चाललंय? तो म्हणाला, "लावू दे. शेंदराच्या तेलानं पाईप गंजत नाय."

हसलो तेव्हा. पुढं काय होणार ते ना त्याला कळलं ना मला.

बुद्धपौर्णिमेला सोमादादा बायकोला नि पोरीला घेऊन दोन दिवस सासुरवाडीला गेला. पौर्णिमा म्हंजे आमच्या गावाला पण मुहूर्त. माझी आत्या सकुबाई, बापाची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याच गावात येऊन राहिलेली. तिच्या घरकुलाचं सिमेंट उरलं होतं. तिनं गवंडी बोलावला नि त्या पाईपाभोवती मस्त ओटा बांधला. वरून गिलावा, घोटून गुळगुळीत, पार नरसाळ्याच्या तोंडापर्यंत भरून. महिपत सरपंचानं नारळ फोडला. सोमादादा आला तेव्हा ओटा वाळला पण होता. त्यानं पाणी घालून बघितलं, सगळं पाणी ओट्यावरून खाली घरंगळलं. महिपतला सांगितलं तर तो म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू, बसलेल्या देवाला आता कोण हात लावील? सोमादादा मंग ओट्याच्या कडेनं पाणी घालत राहिला. जमीन काय एका दिवसात सुकत नाय. हळूहळू सुकली, नि तराफा चावला.

"मी फोडतो," मी म्हणालो. "आता. पहार आणतो."

"बस खाली."

"अरे पण..."

"तू फोडलास तरी नाव माझंच येईल." एवढंच बोलला. मला कळलं. बौद्धवाड्यातल्या माणसाची पहार शेंदराच्या ओट्यावर पडली असती, तर ती गोष्ट करंटची राहिली नसती. गावात तसं भांडण नाय, एकत्र चहा पितात, पण देवाची गोष्ट आली की कोण कुठल्या आळीचा ते सगळ्यांना लगेच आठवतं.

मंग त्यानं काय केलं? काय नाय केलं. फ्यूज खिशात ठेवले नि पेटीला पाठ लावून बसून राहिला.

उन्हं वर आली तशा बाया रिकामे हंडे घेऊन आल्या, त्यांच्या मागून बापे, सगळ्यात मागून महिपत, बनियनवर.

"काय रे सोमा, नळ कोरडे. लाइट तर हाय."

"लाइट हाय. पंप नाय लावनार."

"का?"

"तराफा चावतो. ओट्यानं खड्ड्याचं तोंड बंद केलंय. ओटा फुटला, खड्ड्यात पानी गेलं, की थांबंल चावायचा. मंग लावतो."

महिपत हसला. "म्हंजे इतकी वर्षं देव उघड्यावर होता तवा चावला नाय, नि आमी त्याला बसायला जागा दिली तर चावला? अरे, तू हात जोडीत नायस म्हनून चावला असंल."

दोघंतिघं हसले. माझं डोकं फिरलं. "सरपंच, तुमी जोडा ना हात. जोडून तराफ्याला लावा. होडी हाय माझी, सोडतो तुमाला, फुकट."

"तू गप. नववी नापास."

"नापास नाय, सोडली."

"फ्यूज दे सोमा."

"नाय देत."

"हे बघ," महिपत जवळ येऊन म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझा पुतण्या दीपेश आयटीआय करून घरी बसलाय. आज पंप लागला नाय, तर उद्या सकाळी तराफ्यावर तो जाईल. तुझं काम संपलं. बोल."

सोमादादानं खिशावर हात ठेवला. "उद्या जाईल तर त्याला सांगा, उलटा हात लावायचा."

दीपेश मागं उभा होता. काय वाईट पोरगा नाय तो. त्याचं तोंड उतरलेलं मी बघितलं.

तेवढ्यात आत्या आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, सोमा तुझा ओटा फोडा म्हणतोय. ती तरातरा आली, कमरेला पदर खोचलेला. मला वाटलं आता संपलं. आत्याच्या तोंडाला आमच्या घरात कुत्रं पण लागत नाय.

"काय रे सोमा? माझ्या ओट्यानं तुझं काय खाल्लं?"

"आत्या, तो ओटा पाईपवर बांधलास."

"पाईप माला दिसत नाय व्हय? पाईपवरच बांधला. तुझ्यासाटी बांधला."

"माझ्यासाटी?"

आत्या आता जरा खाली आवाजात बोलली, पण तिचा खाली आवाज म्हंजे आपला चढा. "रोज बघते मी. चप्पल काढतोस. खाली बसतोस. धार धरतोस, कुनाशी बोलत नायस. आमच्या बापानं म्हसोबाला कधी इतक्या निगुतीनं पानी घातलं नाय. मी म्हनलं, यांच्यात देव ठेवत नाय, घरात ठेवला तर वाड्यात बोलतील. म्हनून ह्यानं हितं, धरनाच्या काठाला, गपचूप कोनतरी ठेवलाय. उन्हातान्हात बसतो बिचारा. म्हनलं, बसायला धड जागा करून देऊ."

हसावं की काय करावं, सोमादादाला कळत नव्हतं. मंग म्हणाला, "आत्या, तिथं चिखल होतो. चप्पल रुतते म्हनून काढतो."

कुणीतरी खुसखुसलं. आत्यानं तिकडं असं बघितलं की ते गिळलं गेलं.

"नि बोलत नायस ते?"

"बोललो की धार जाड पडते."

"म्हंजे तिथं कोन नाय?"

"कोन नाय. कोळसा नि मीठ."

"मीठ?"

"पोतंभर. मीठ ओल धरून ठेवतं."

"नि पानी नाय घातलं तर?"

"तराफ्याला पयला जो हात लावंल तो जाईल. आज मी वाचलो. उद्या दीपेश, नायतर हा तुझा नाम्या. मासे बांधतो सांगाड्याला, पान्यात हात घालून."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी खरंच बांधायचो. मासे ताजे राहावेत म्हणून जाळीची पिशवी सांगाड्याला लटकवायचो.

ती वळली नि घराकडं गेली. महिपत म्हणाला, "बघ, म्हातारीला दुखवलंस." पण ती परत आली, हातात पहार नि पदरात नारळ.

"ए सकूबाय, थांब," महिपत पुढं झाला. "मुहूर्तानं बसवलाय. असा हात लावू नको."

"कोनी बसवला?"

"तू... आपन सगळ्यांनी."

"सिमेट माझं. गवंडी माझा. तू नुसता नारळ फोडलास, त्यातलं खोबरं पन घरी नेलंस. ज्यानं बसवला त्यानंच उठवायचा असतो, दुसऱ्यानं हात लावला तर कोप होतो. ही रीत हाय ना? मंग बाजूला हो."

महिपत बाजूला झाला. रीत खरीच होती. बाहेरच्यानं फोडला असता तर पाप, सोमादादानं फोडला असता तर भांडण, आत्यानं फोडला तर नुसतं देव उठवणं. तिनं नारळ ठेवला, हात जोडले, पुटपुटली. मला ऐकू आलं ते एवढंच: "असशील तर बाजूला सरक, नसशील तर बरंच झालं."

मंग पहार घातली. गवंडी मेला चांगला होता. पाच-सहा घाव घालून ती दमली, पण पहार मला देईना. सोमादादाला तर नाहीच. ढलपी निघाली, मंग नरसाळ्याचं तोंड दिसलं, सिमेंटनं भरलेलं. ते सोमादादानं छिन्नीनं टोकरून काढलं. आतली माती मी बोटानं बघितली, राखेसारखी.

"पानी," सोमादादा म्हणाला.

पंप बंद, नळ कोरडे. पाणी आणायचं तर खाली धरणापर्यंत उतरून जायचं. कुणी बोलवायची वाट नाय बघितली, बायाच निघाल्या. हंडा डोक्यावर घेऊन चढायच्या, सोमादादा घ्यायचा नि बारीक धार धरायचा. एक हंडा, दुसरा, पुढचा. सगळं आत जात होतं. वर फेस नाय, ओघळ नाय. मी कान लावला तर आत खोल कुठंतरी डबडब आवाज. एवढं पाणी कुठं जातं, कोळसा किती पितो, मीठ विरघळून संपलं तर काय, मी विचारत होतो. सोमादादा उत्तर देत नव्हता. धार जाड पडली असती.

दोन वेळा त्यानं बल्ब लावून बघितला. दोन्ही वेळा निखारा. महिपत सावलीत बसून बघत होता. दीपेश मात्र उठला, एक हंडा घेऊन खाली उतरला. काका ओरडला, "तू कुठं चाललास?" तर म्हणाला, "उद्या मलाच जायचंय ना?"

तिसऱ्या वेळी बल्ब पिवळा झाला. थोडं थांबलो, परत पाणी, परत बल्ब, नि पांढरा. सगळ्यांनी बघितला. उन्हात पण डोळे दिपले.

सोमादादानं खिशातून फ्यूज काढून बसवले, स्विच दिला नि होडीकडं चालू लागला. मी वल्हं मारलं. तराफ्यापाशी आलो तेव्हा मी म्हणालो, "मी लावतो हात. तुझ्या घरी पोरगी हाय."

"तुझ्या घरी सकुबाई हाय," तो म्हणाला. "तिला कोन तोंड देईल?"

त्यानं बोटं उलटी केली नि टेकवली. काय नाय. परत टेकवली. मंग तळहात ठेवला, पहिल्यांदाच, नि तसाच ठेवून थोडा वेळ बसला. मंग चढला नि स्टार्टर दाबला. पाईप एकदा खोकला, दोनदा खोकला, नि भरला. काठावर बाया ओरडल्या.

ओटा परत कुणी बांधला नाय. शेंदूर राहिला. आत्या पुढं रोज एक कळशी घालायची, चप्पल काढून, बारीक धार. सोमादादा म्हणायचा, हात जोडायचे तर जोड, पण धार जाड नको. त्यानं स्वतः कधी जोडले नायत. दोघं समोरासमोर उकिडवे बसून पाणी घालताना मी कितीदा बघितलेत, एक शब्द न बोलता. आमच्या अर्थिंगएवढं ओलं अर्थिंग शहापूर-मुरबाडात कुठं नसेल. दीपेश पण शिकायला यायला लागला, नि सोमादादानं त्याला शिकवलं. मला ते तेव्हा आवडलं नव्हतं.

मला त्या दिवसाबद्दल एकच वाटायचं, की सोमादादाला सगळं ठाऊक होतं. इतक्या लोकांसमोर तो बोलला, खड्ड्यात पाणी गेलं की थांबंल. आवाजात खोट नव्हती.

चार वर्षांनी, दोन हजार सातला, त्याची पोरगी पौर्णिमा मला किन्हवलीच्या स्टँडवर भेटली. ती शहापूरला नर्सिंग करत होती, गाडी यायची होती, गप्पा निघाल्या. मी फुशारकीनं सांगत होतो, तुझ्या बापाला कसं बरोबर कळलं. ती माझ्याकडं बघायला लागली.

"पप्पांना कुठं कळलं होतं?" ती म्हणाली. काठावर सगळे जमले, तेव्हा पप्पांनी शेजारच्या पोराकडून घरी निरोप धाडला होता, असं तिनं सांगितलं. निरोप असा, की खड्ड्यातलं मीठ सात वर्षांत वाहून गेलं असेल तर कितीही पाणी घाला, उपयोग नाय. ओटा आपल्या सांगण्यावरून फुटेल नि तराफा तरी चावेल. मंग ह्या गावात राहता यायचं नाय. भांडी बांधून ठेव.

सोमादादाच्या बायकोनं, शालनवहिनीनं, सगळी भांडी गोणीत भरून गोणी दाराशी ठेवली होती. दुपारी नळ फुरफुरला तेव्हा तिनं गोणी सोडली, कारण पाणी भरायला घरात एक पण हंडा बाहेर नव्हता.